जुना निकॉन एसपी कॅमेरा मिळालाय. दुरुस्त करून काळा रंग देऊ का?

रंगाचा विचार तूर्त बाजूला ठेवा. एसपी १९५७ साली आला. सुरुवातीच्या नगांत शटरचे पडदे रबर लावलेल्या कापडाचे होते, नंतर टायटॅनियमचे आले. तुमचा कापडी असेल तर लेन्स काढा, अंधाऱ्या खोलीत पडद्यामागून बारीक टॉर्च धरा. सुईच्या टोकाएवढे ठिपके चमकले, तर प्रत्येक फोटोवर डाग येणार. पडदाच बदलावा लागतो. शटरचे मंद वेग अडखळत असतील तर बहुधा आतलं तेल सुकलंय. वरून तेल अजिबात सोडू नका, ते पसरत पडद्यापर्यंत जातं!

रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस साधणारी यंत्रणा, तपासायला चंद्र उत्तम. लेन्स अनंतावर ठेवा; दोन चंद्र तंतोतंत एकावर एक बसले पाहिजेत. आतली अर्धपारदर्शक काच मात्र पुसायला जाऊ नका, मुलामा निघाला की दुसरी प्रतिमा दिसेनाशी होते.

आता रंग. कारखान्यातून काळे आलेले एसपी संग्राहक जिवापाड जपतात, पण मागाहून रंगवलेल्याला तो मान नाही, आणि मूळ क्रोम गेलं ते गेलंच. हौस असेल तर चामडं बदला, शटरला मऊ बटण लावा. काढलेलं जुनं चामडं, मोडकं असलं तरी, जपून ठेवा.