बाबांचं दुखणं लेकीला कळू द्या

"ताई, माझी २१ वर्षांची मुलगी फिलिपिन्समध्ये मिशनरी म्हणून सेवा करते. आम्ही लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचे. तिच्या दीड वर्षातले सात महिने झालेत. दोन महिन्यांपूर्वी यांची अँजिओप्लास्टी झाली. तिचं मन सेवेतून उडू नये म्हणून आम्ही तिला कळवलं नाही. दर सोमवारी ती व्हिडिओ कॉल करते, तेव्हा हे इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. गेल्या सोमवारी ती रडली. सोबतीण धड बोलत नाही, लोक दार उघडत नाहीत, म्हणाली. मग एकदम विचारलं, 'बाबा एवढे बारीक का झालेत?' मी विषय बदलला. तिला सांगू का? आणि ती खचली असेल तर परत बोलावू का? माझ्या नणंदेचा रोज तोच घोशा चालू आहे."
— एक आई, वडगाव शेरी, पुणे

सप्रेम नमस्कार.

सांगा. येत्या सोमवारीच सांगा, आणि तुम्ही नव्हे, तिच्या बाबांनी सांगू दे.

तुम्ही हे लपवलंत ते मायेपोटी, हे पत्रातल्या प्रत्येक ओळीत दिसतं. पण तिला संशय आलेला आहे. तुम्ही विषय बदललात तेव्हा तो पक्का झाला असणार. आता तिचा आठवडा कसा जात असेल बघा. साडेसहाला उठायचं (आपल्याकडे तेव्हा पहाटेचे चार), प्रार्थना, शास्त्राचा अभ्यास, तिथली भाषा शिकायची, मग दिवसभर उन्हापावसात पायपीट, कुणी घरात घेतलं तर बसायचं, नाही घेतलं तर पुढच्या गल्लीत. रात्री साडेदहाला दिवे बंद. तुमच्याकडे तेव्हा आठ वाजलेले असतात, कुकर लागलेला असतो. आणि ती तिकडे अंथरुणावर पडून बाबांचा चेहरा आठवत असते, पुढच्या सोमवारपर्यंत.

२०१९च्या आधी या मुलामुलींना घरी फोन करता यायचा तो नाताळला आणि मदर्स डेला, एरवी आठवड्याचा ईमेल. त्याही आधी, पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, तेव्हा तर समुद्रापारच्या पत्राला आठवडे लागत. अशा काळात घरचं आजारपण झाकलं गेलंही असेल. आता दर आठवड्याला ती तुमचे चेहरे बघते. दोन महिने हे निभावलंत तेच पुष्कळ.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ती ज्या घरांत जाते तिथे कुणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला असतो, कुणाचं मूल गेलेलं असतं. ती त्यांच्यापाशी बसते, त्यांच्यासाठी प्रार्थना करते. परक्यांच्या वडिलांसाठी देवापाशी मागणं मागणाऱ्या मुलीला स्वतःच्या वडिलांसाठी काही मागता आलेलं नाही, कारण तिला माहीतच नाही. एवढा हक्क तिला द्यायलाच हवा. तिला सोसणार नाही असं धरून चालू नका. ती रोज केवढं सोसते आहे!

कसं सांगायचं तेही लिहिते. सोमवारच्या आधी तुमच्या इथल्या मंडळीच्या अध्यक्षांमार्फत तिच्या मिशनच्या प्रमुखांना आणि त्यांच्या पत्नीला कल्पना द्या, म्हणजे त्या संध्याकाळी कुणीतरी तिची विचारपूस करील. अडचण असेल तर सोमवारची वाट न बघता घरी बोलता येईल का, तेही त्यांनाच विचारून ठेवा. फोनवर बाबांनी घरातला रोजचा शर्ट घालावा. पहिलं वाक्य आजच्या तब्येतीचं असावं: मी बरा आहे, चालतो-फिरतो. मग काय झालं, कधी झालं, डॉक्टर काय म्हणतात, गोळ्या कोणत्या. मग, 'तुझ्यापासून लपवलं, चुकलं आमचं.' ती चिडेल, रडेल. चिडू द्या. 'काळजी करू नकोस' एवढं मात्र म्हणू नका. काळजी तिला करायचीच आहे. आणि त्या वेळी नणंदबाई खोलीत नसाव्यात.

आता सोबतिणीचं. या सेवेत दोघींनी चोवीस तास बरोबर राहायचं असतं, एकटीने कुठेही जायचं नाही. न पटणाऱ्या माणसाबरोबर असं राहणं फार कठीण, आपल्यापैकी कितीजणींना जमेल? तिला सांगा की आठवड्याच्या नियोजनाला दोघी बसतात तेव्हा काय खटकतं ते तिने स्पष्ट बोलावं. सोबतीणही घरापासून लांब आलेली कुणाची तरी लेक आहे. जोड्या साधारण दर सहा आठवड्यांनी बदलू शकतात, तेव्हा हे कायमचं नाही. पण सोबतीण त्रासच देत असेल, तर सहा आठवडे थांबायचं नाही, प्रमुखांना लगेच कळवायचं.

परत बोलावू नका. 'तिथेच राहा, नेटाने पूर्ण कर' असंही म्हणू नका. बाबांचं सगळं कळल्यावर, दोन-चार दिवस जाऊ देऊन, एकदाच विचारा: तुला काय वाटतं? ती राहीन म्हणाली तर तिच्या मनासारखं होऊ द्या. येते म्हणाली तर तिकीट काढा आणि विमानतळावर हसत उभ्या राहा. मुदतीआधी परतलेल्या मुलांकडे आपल्याच मंडळीत लोक कसे बघतात, ते तुम्हाला माहीत आहे. उपासनेत पहिल्या रविवारी तिच्या शेजारी आईबाप दोघेही बसलेले दिसले की निम्मी तोंडं बंद होतात.

नणंदबाईंना सांगा की हा निर्णय लेकीचा आहे आणि तिच्या फोनवर त्यांनी हा विषय काढायचा नाही. त्यांना भावाची धास्ती वाटते आहे, म्हणून त्या भाचीला बोलवा म्हणतात, असं मला वाटतं. त्यांना भावाबरोबर डॉक्टरांकडे पुढच्या तपासणीला घेऊन जा.

सोमवारी काय झालं ते मला जरूर कळवा.