बाजारात चोख, फळ्यावर गप्प

प्रश्न : चोपडा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीचा एक मुलगा आहे. घरी अहिराणी बोलतो. आठवडे बाजारात आईच्या भाजीच्या दुकानावर बसून सुटे पैसे चोख परत देतो. वर्गात तोच हिशेब फळ्यावर आला की गप्प. बुद्धिमापन चाचणीतही मागे पडला. त्याची बुद्धी कमी आहे का? (एक शिक्षिका)

उत्तर : हिशेब त्याला येतो, अडतं ते शाळेच्या मांडणीत. 20 रुपये किलोचे 800 ग्रॅम बटाटे, 15 रुपये किलोचे 1.4 किलो कांदे, हातात 200ची नोट. दुकानावरचं पोर म्हणतं: किलोचे 20, त्यातून 200 ग्रॅमचे 4 गेले, 16. कांद्याचे 15 आणि 6, म्हणजे 21. झाले 37. मग 3 देऊन 40, 60 देऊन 100, वर शंभराची नोट. 163 परत. वहीत मात्र 0.8 × 20 मांडायचं. दशांश चिन्ह निसटलं की 160 येतात, आणि ओरडायला तिथे गिऱ्हाईक नसतं.

असाच सौदा करून संशोधकांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतली मुलं तपासली. ते 2025 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. बाजारातली मुलं कागदावर अडली आणि शाळेतली मुलं बाजाराच्या हिशेबात. हा दुसरा भाग आपण सोयीने विसरतो!

चाचणीचंही तसंच. 1931-32 मध्ये सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनी उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना हातोडी, करवत, कुऱ्हाड, ओंडका दाखवून वेगळी वस्तू विचारली. ओंडका काढायला बरेच जण तयार होईनात. कापायला काही नको का? आपल्याकडे वांगं, मिरची, कांद्याची पात आणि तुरकाठी ठेवून पाहा. तुरकाठ्यांवर भरताचं वांगं भाजताना पाहिलेलं पोर तुरकाठी बाजूला काढेलच असं नाही. चाचणी तिथे गुण कापते.

आधी अहिराणीतच विचारा: ‘बठ्ठा मिळीसन कितला व्हयनात?’ (सगळे मिळून किती झाले?) तो सांगेल ती रीत त्याच्याच शब्दांत फळ्यावर उतरवा, तिच्याखाली लेखी रीत मांडा आणि 16 दोन्हीकडे कुठून आले ते त्यालाच दाखवू द्या. सोपे आकडे जमले की 37 रुपये किलोने 850 ग्रॅम द्या. इथे तोंडी रीत अडखळते (उत्तर 31 रुपये 45 पैसे) आणि लेखी गुणाकाराची गरज त्याला स्वतःलाच भासते. तोंडी उत्तर बरोबर असताना ‘पायऱ्या नाहीत’ म्हणून शून्य देऊ नका. पोर बोलायचंच बंद होतं.

चाचणीच्या सूचना अहिराणीत समजावल्याशिवाय तो निकाल धरू नका. आणि फळ्यावरचं त्याला नीट दिसतं का, तेही एकदा तपासून घ्या.