जळगावात राहतो. घरात आपत्कालीन तयारी करायची तर सुरुवात कुठून करावी? ऑनलाइन मिळणारी ‘इमर्जन्सी बॅग’ घ्यावी का?

बॅगेचं शेवटी बोलू. तुम्ही लिहिलंय की घरात चौघं, आई सत्तरीच्या आणि इन्सुलिनवर, गच्चीवर ५०० लिटरची टाकी, खाली हौद, ‘आणि इन्व्हर्टर असल्यामुळे लाईटची काळजी नाही’. या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलो. माझं काम बॅटऱ्या आणि मोटरींचं, आणि हेच वाक्य थोरला भाऊही मला ऐकवत असतो. ते चूक आहे.

आपल्याकडे घर अडतं ते बहुतेकदा मे-जूनच्या वादळाने. रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच वाऱ्यात खांब वाकतात आणि तारा तुटतात. फ्यूज उडाला असेल तर तासाभरात काम होतं, खांबच पडले तर दोन दिवसही लागतात. घरची मोटर बंद, म्हणजे हौदातलं पाणी वर चढत नाही. नळ योजनेचे पंपही विजेवरच, म्हणजे नळाचा दिवस पुढे ढकलला जातो, आणि नळ तर आधीच रोज येत नाही. टॉवरची बॅटरी उतरली की रेंज जाते, फोनवरून पैसे देणंही थांबतं.

आता इन्व्हर्टरचा हिशेब. १२ व्होल्टची १५० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. हाताला १३००-१४०० लागतात, बाकी इन्व्हर्टरमध्ये आणि उष्णतेत जातात. दोन पंखे ७५ वॅटचे आणि चार बल्ब ९ वॅटचे, मिळून १८६ वॅट. नवी बॅटरी सात तास ओढेल, तीन उन्हाळे काढलेली चार-पाच. डिस्टिल्ड वॉटरऐवजी फिल्टरचं पाणी घातलेलं असेल तर त्याहून कमी, कारण त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. रात्री आठला लाईट गेली तर पहाटेच्या आत अंधार, आणि दुसऱ्या रात्रीसाठी चार्जिंगच नाही. एक एचपीची मोटर तर घरगुती इन्व्हर्टरवर सुरूच होत नाही, सुरू होताना ती चालताना लागतो त्याच्या कितीतरी पट करंट ओढते.

म्हणून सुरुवात पाण्यापासून करा. माणशी दिवसाला १५ लिटर धरा, चौघांचे तीन दिवसांचे १८० लिटर. त्यातलं पिण्या-रांधण्याचं माणशी ५, म्हणजे ६० लिटर, २०-२० लिटरच्या तीन कॅनमध्ये, घरात, सावलीत, जमिनीवर. गच्चीच्या टाकीवर विसंबू नका. मेमध्ये दुपारी त्या पाण्याने अंघोळही होत नाही, शिवाय वादळात झाकण उडतं नि पाइप निखळतो. उरलेलं पाणी घट्ट झाकणाच्या २०० लिटरच्या ड्रममध्ये. हौदाच्या तोंडाशी दोर बांधलेली बादली कायम ठेवा.

ड्रमची एक गोष्ट लोक हमखास चुकवतात. नळाच्या आदल्या दिवशी ड्रमचं पाणी धुण्या-भांड्याला वापरून तो रिकामा करतात आणि तसाच भरतात. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली असतात. कोरडी पडून महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. तेव्हा आठवड्यातून एकदा आतली बाजू काथ्याने घासून, उन्हात वाळवून मगच भरा.

पाणी गढूळ आलं तर आधी तुरटी फिरवा, निवळू द्या, गाळा आणि मग क्लोरीनची गोळी टाका. गाळण्याआधी टाकली तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. गोळी किती लिटरची ते पाकिटावर असतं. टाकल्यावर अर्धा तास थांबा.

आईंचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे आणि फ्रिज बंद पडलाय, असं धरून चाला. वापरातली बाटली कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा ओलसर माठात ठेवा. डब्याला पाणी शिरता कामा नये, बर्फाला टेकवायचं तर मुळीच नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकावं लागतं. ओआरएसची पाच-सहा पाकिटं ठेवा. एक लिटरचं पाकीट अख्खं एक लिटरमध्येच घाला, अंदाजाने अर्धं पेल्यात नको, त्यात मीठ जास्त होतं. पारा चाळिशीच्या वर असेल तेव्हा नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो, अंग ओलं करून वारा घाला. अंग तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर तोंडात पाणी ओतू नका. १०८ ला फोन करा, गाडी येईपर्यंत अंग ओलं करून वारा घालत राहा.

गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि कुठलंही बटण चालूही नाही, बंदही नाही. बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या नंबरला फोन करा.

आता बॅग. घेऊ नका. त्यातली शिट्टी आणि चमचमणारी पन्नी आपल्या कामाची नाही. घरातली जुनी दप्तराची पिशवी घ्या. त्यात कागदपत्रांच्या झेरॉक्स, आईंची दहा-पंधरा दिवसांची गोळ्या-औषधं, टॉर्च, सुट्ट्या नोटा आणि कागदावर लिहिलेले फोन नंबर. खायला फुटाणे, शेंगदाणे, गूळ, मुरमुरे. चूल न पेटवता चालणारं एवढं तर आपल्या घरात असतंच. भावाला दुसरी बॅटरी जोडायची आहे. मी म्हणतो, त्या पैशात ड्रम, कॅन, टॉर्च, औषधं सगळं येऊन वर पैसे उरतील. दुसऱ्या बॅटरीने पंखा आणखी काही तास फिरेल, पण हौदातलं पाणी हौदातच राहील.

हे सगळं पक्क्या घरासाठी, नदीपासून लांब राहणाऱ्यांसाठी. तापी, गिरणा, पांझरेच्या काठावर असाल तर कागदपत्रं आणि निघायची वाट आधी ठरवा, धरणातून पाणी सोडल्याची सूचना आली की सामान आवरत बसू नका.

गावाकडे धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर असेल तर झडीच्या पावसात त्याकडे वेगळं लक्ष द्या. दहा बाय दहाच्या खोलीवर अर्धा फूट माती असेल तर ती भिजल्यावर अडीच टनांच्या घरात जाते. पावसाळ्याआधी छतावर खारी (खारट पांढरी माती) टाका, पन्हाळ मोकळी करा. छतातून माती गळू लागली, लाकडी सऱ्या कुरकुरल्या किंवा दार एकाएकी चौकटीत अडकू लागलं, तर त्या रात्री त्या खोलीत कुणालाही झोपू देऊ नका.