कुतूहलाची वाट पाहत बसू नये

दादर, मुंबई

प्रिय विद्यार्थिमित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. लोकलचा प्रवास, शिकवणी आणि सराव परीक्षा यांच्या रगाड्यात कशाविषयीच कुतूहल वाटेनासे झाले आहे, आणि ज्यांना ते वाटते त्यांना ती देणगी उपजतच लाभलेली असावी, असे तू लिहिले आहेस. तुझा थकवा मला समजतो. उपजत देणगीचे म्हणणे मात्र मला मुळीच पटत नाही.

वर्तनाचा अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडलेला विचार असा, की आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक असावेसे वाटते, त्यांच्यामधील अंतर जाणवले म्हणजे मनाला चुटपुट लागते आणि तीच आपल्याला शोध घ्यायला लावते. ज्या विषयातले काहीच ठाऊक नाही, तिथे हे अंतर दिसतच नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले, तेव्हा उत्तराचा मागमूसही नसलेल्यांना आणि पक्की खात्री असलेल्यांना कुतूहल कमी वाटले. उत्तराची अर्धवट खात्री असलेल्यांना ते अधिक वाटले. तेव्हा आधी कुतूहल आणि मग अभ्यास, हा तू गृहीत धरलेला क्रम पुष्कळदा उलटा असतो.

दादरच्या चौपाटीवर तू रोज फिरतोस. आपल्या किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला सुमारे तीन, अष्टमीला सहा. एवढे कळले की दिनदर्शिकेत तिथी पाहून घराबाहेर पडावेसे वाटते आणि पाणी कुठवर आले आहे याकडे नजर आपोआप जाते. आता यात एक भर घाल. चंद्रामुळे भरती रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा येते, आणि पाऊणपटीच्या हिशेबाने दर तिथीला पाऊण तास, म्हणजे तर ४५ मिनिटे. मग उरलेल्या पाच मिनिटांचे काय? हा प्रश्न तुला आता टोचत असेल, तर कालपर्यंत तो का टोचत नव्हता, याचा शांतपणे विचार कर.

अशा अवस्थेचा लाभ अभ्यासालाही होतो. २०१४ मधील एका प्रयोगात प्रश्न विचारल्यानंतर उत्तराची वाट पाहत असलेल्यांना मध्येच एक अनोळखी चेहरा दाखवला जाई. ज्या प्रश्नांचे कुतूहल अधिक होते, त्यांची उत्तरे तर नंतर अधिक आठवलीच, पण त्या वेळी दिसलेले, विषयाशी काडीचाही संबंध नसलेले चेहरेही अधिक लक्षात राहिले.

परीक्षेतल्या गुणांविषयी थोडेच लिहितो. १९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतील ज्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केले होते, ती पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची गोडी तशी कमी झाली नाही. गुण हवेतच, पण अभ्यासातला एखादा कोपरा गुणांच्या हिशेबाबाहेर ठेव.

आणि मोबाइलवर उत्तर शोधण्याआधी आपला अंदाज, चुकीचा का असेना, वहीत लिहून काढ. कारण अंदाज बांधल्याशिवाय हाती आलेले उत्तर चुटपुट लागण्याआधीच ते अंतर बुजवून टाकते. त्या पाच मिनिटांचे उत्तर मी मुद्दामच दिलेले नाही. तुझा अंदाज पुढच्या पत्रात कळव.

तुझे सर