एकच भाकर, तरी पोट सुटतं

"मॅडम, मी त एकच भाकर खातो. मंग हे पोट काऊन सुटून रायलं?"

यवतमाळकडच्या एका खेड्यातली चाळिशीची बाई. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढे. टेप लावली तर कंबर 94 सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 ची मर्यादा धरतात. मानेवर काळसर, जाडसर पट्टा. मळ समजून ती तो रोज दगडाने घासायची.

एक भाकर खरी होती, पण ती रात्री अकराला. दिवसभर वावरात साखरेचे सात-आठ चहा. हरभऱ्यात डुकरं शिरतात म्हणून नवरा जागलीला, इकडे ही घरात जागी. त्यात सोमवारी बचत गटाचा हप्ता. झोप जेमतेम चार तास.

मी कागदावर मूत्रपिंडं काढली, त्यांच्यावर टोपीसारख्या ग्रंथी. काळजीने तिथून कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सुटतं. वाघ मागे लागला तर पळायला ताकद हवी, म्हणून ते यकृताला रक्तात साखर सोडायला लावतं. हप्त्यापुढे पळणार कुठे? साखर रक्तातच राहते. ती पेशींत घालायला इन्सुलिन वाढतं, पेशी त्याला हळूहळू जुमानेनाशा होतात, मग शरीर आणखी इन्सुलिन ओततं. हे जादा इन्सुलिन साठलेली चरबी वितळू देत नाही, आणि कॉर्टिसॉलचा जोर पोटातल्या चरबीवर जास्त चालतो. मानेचा काळेपणाही बहुधा त्या इन्सुलिनचाच.

"म्हणजे तो मळ नोहे?" एवढ्यानेच तिचा चेहरा उजळला.

सगळं टेन्शनवर ढकलणं मला पटत नाही. चहातली साखरही होतीच. आणि 'टेन्शन घेऊ नका' हे कर्जात बसलेल्या माणसाला सांगूच नये. डॉक्टरांनी उपाशीपोटी साखर तपासली: 112. शंभरच्या वर, 126 च्या आत. म्हणजे मधुमेहाचा उंबरठा.

जेवण सातला आणलं, भाकरीसोबत वाटीभर वरण. बिनसाखरेचा चहा काही जमेना, मग दोनच कप, अर्धा चमचा साखर. जेवल्यावर शेजारणीसोबत मारुतीच्या पारापर्यंत फेऱ्या. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. नवऱ्याची जागल दिरासोबत पाळीने.

तीन महिन्यांनी वजन किलोभरच उतरलं, कंबर मात्र 90. मान अजून काळीच. या खेपेला नवराही दाराशी उभा होता.

"यायच्या पोटाले लावा ना टेप," ती म्हणाली. त्यांनी लगेच श्वास आत ओढून धरला.