बास्केटबॉलपटू अ‍ॅडम मॉरिसन एनबीएमध्ये (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये) का टिकला नाही? गुडघ्यामुळेच का? आणि आता तो काय करतो?

गुडघ्यामुळे, हे अर्धंच खरं आहे. आधी हे सांगून टाकतो की मी या बाबतीत तटस्थ नाही. मला बाराव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे आणि कॉलेजच्या टीममध्ये मी बहुतेक वेळ बेंच तापवला. मॉरिसनलाही शाळेत असतानाच हाच मधुमेह निघाला. सामना चालू असताना तो बेंचवर बसून शुगर तपासायचा आणि लागलं तर सगळ्यांदेखत इन्शुलिन टोचून घ्यायचा. मी इंजेक्शनसाठी मोरीत जाऊन दाराला कडी लावायचो.

तो वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनमध्ये वाढला आणि त्याच शहरातल्या गोन्झागा विद्यापीठाकडून खेळला. ६ फूट ८ इंच उंची, लांब केस, विरळ मिशा, एकूण अवतार बेंगरूळ. २००५-०६च्या मोसमात त्याने सामन्यामागे २८.१ गुण केले, अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक. मिशिगन स्टेटविरुद्ध तीन जादा डाव चाललेल्या सामन्यात एकट्याचे ४३.

मार्च २००६मधला यूसीएलएविरुद्धचा (लॉस एंजेलिसमधलं विद्यापीठ) सामना तुम्ही पाहिला नसेल तर जरूर शोधा. पहिल्या हाफमध्ये गोन्झागा १७ गुणांनी पुढे. शेवटच्या साडेतीन मिनिटांतही नऊची आघाडी. मग यूसीएलएने ओळीने ११ गुण केले आणि सामना ७३-७१ असा घेतला. दोनेक सेकंद शिल्लक होते तेव्हाच मॉरिसनचे डोळे वाहू लागले होते आणि सामना संपल्यावर तो कोर्टवर आडवा झाला. त्याला हात देऊन उठवायला यूसीएलएचे खेळाडू आले, आपला जल्लोष सोडून. त्या रडण्याची वर्षानुवर्षं टिंगल झाली. मला ती कधीच पटली नाही.

त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, शार्लट बॉबकॅट्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. मायकेल जॉर्डन तेव्हा नुकताच त्या संघाच्या कारभारात आला होता, म्हणून अपेक्षा आणखी वाढल्या. पहिल्या मोसमात ७८ सामने आणि सरासरी ११.८ गुण, वाचायला बरं वाटतं. पण शंभर शॉट मारले की जेमतेम ३८ आत. एका सामन्यात ३० गुण केले खरे, तरी मोसम संपेपर्यंत तो सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचातला राहिला नव्हता. तोल गेलेला असतानाही उंचावरून शॉट मारणं ही त्याची खासियत. कॉलेजात त्याच्यासमोर बुटके किंवा मंद खेळाडू असायचे, एनबीएत तेवढेच उंच आणि त्याच्यापेक्षा चपळ. बचावात तर प्रतिस्पर्धी त्यालाच हेरून हल्ला करायचे.

ऑक्टोबर २००७मध्ये, मोसमाआधीच्या सराव सामन्यात डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि अख्खं वर्ष गेलं. मुळात पाय मंद, त्यात हे. म्हणून माझं मत असं की गुडघ्याने त्याला संपवलं नाही, सावरायची संधी हिरावली. (त्याच ड्राफ्टमध्ये सहावा आलेला ब्रँडन रॉय पहिल्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढे त्याचेही गुडघे गेलेच.)

फेब्रुवारी २००९मध्ये त्याला लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाकडे पाठवलं. तिथे दीड मोसमात ३९ सामने, तेही बहुतेक बेंचवरून. पण लेकर्स २००९ आणि २०१०, दोन्ही वर्षी विजेते ठरले, त्यामुळे त्याच्याकडे विजेत्यांना मिळणाऱ्या दोन अंगठ्या आहेत. यावर विनोद करणाऱ्यांची कमी नाही. एनबीएचा हिशोब एकूण १६१ सामन्यांवर थांबला. मग बेलग्रेडचा रेड स्टार, तुर्कस्तानातला बेशिक्ताश, २०१२मध्ये एनबीएतल्याच पोर्टलंडकडे एक प्रयत्न, आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी खेळ आटोपला.

मग तो स्पोकेनला परतला. २०१३-१४मध्ये राहिलेलं शिक्षण हाती घेतलं आणि त्याच जोडीने गोन्झागाच्या प्रशिक्षकांच्या हाताखाली काम केलं. पुढे तो गोन्झागाच्या सामन्यांचा रेडिओ समालोचक झाला. मला तो तिथे आवडतो. बचावात कोणाचा पाय कुठे चुकला हे तो झटकन पकडतो. हिवाळ्यात स्पोकेनला संध्याकाळी सहाचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला लागतो. माझं सकाळचं इन्शुलिन आणि चहा त्याच वेळेला असतो.