सिगारेट सोडली तर भीती वाढेल का?

"मॅडम, सिगारेट आहे म्हणून मी सावरलेला आहे. तेवढी सोडायला नका सांगू."

मयेचा तरुण, नोकरी पणजीत, रोज चोडणच्या फेरीबोटीने ये-जा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) छातीत धडधड, तळहातांना घाम, काहीतरी वाईट घडणार ही धास्ती. डॉक्टरांनी हृदय तपासलं होतं, दोष नव्हता. दिवसाला 15 सिगारेटी.

ही शंका माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बरेच जण काढतात आणि त्यांचा अनुभव खोटा नसतो. झुरका घेतल्यावर काही सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं, हायसं वाटतं. म्हणून मी त्याला सोडायला सांगितलंच नाही. एक छोटी वही दिली. पेटवण्याआधी वेळ लिहायची आणि बेचैनीला दहापैकी गुण द्यायचे.

आठवड्याने वही उघडली. रोज सकाळी उठल्या उठल्या 8.

"झोपेत कसलं टेन्शन आलं?" मी विचारलं. तो वहीकडे बघत राहिला.

रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, रात्रभरात बरंचसं उतरतं. सकाळची ती तगमग निकोटीन उतरल्याचीच होती. सिगारेट स्वतःच लावलेली आग विझवत होती आणि हा तिचे उपकार मानत होता. शिवाय निकोटीनने ठोके वाढतात, आणि याला भीती धडधडीचीच! वडिलांचं आजारपण, कर्ज या काळज्या खऱ्या होत्या, त्यांवर आम्ही वेगळं बोलत राहिलो.

2014 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने 26 अभ्यासांचा आढावा छापला होता. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता न सोडणाऱ्यांपेक्षा कमी झालेली त्यात दिसली. पण सोडल्यावर सुरुवातीचे काही आठवडे चिडचिडीचे जातात, पहिले दोन-तीन दिवस तर फारच. हे मी लपवत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने निकोटीनचं च्युइंगगम घेतलं: सावकाश चावायचं, झणझणलं की गालात धरून ठेवायचं.

सिगारेट सोडल्यावर चौथ्या दिवशी घाबराघुबरा फोन. चहा किती, विचारलं. सहा कप! धूर थांबला की कॅफिन शरीरातून सावकाश जातं, तेवढ्याच चहाने जास्त धडधडतं. चहा निम्म्यावर आणला. मध्ये एकदा लग्नात दोन ओढल्या, दुसऱ्या दिवशी स्वतःहून सांगायला आला. मला त्याचं फार बरं वाटलं. (1800-11-2356 या मोफत क्रमांकावरही सोडण्यासाठी मदत मिळते.)

परवा म्हणाला, "रायबंदरला फेरी चुकली, धक्क्यावर उभा होतो."

"मग? धडधडलं?"

"धडधडलं. वहीत 4 लिहिले. तेवढ्यात फेरी आली."